चवदार तळे, टॉबी आणि आमचा काळू

आमच्या दारात कुत्रा बांधलेला पाहून चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "महाडला तळ्याचं पाणी कुत्र्या-मांजरांना चालत होतं, आपल्याला नव्हतं. ते विसरलात आणि आता कुत्री पाळायला लागलात?"

त्यांचा राग आम्हाला समजतो. तो आमच्याही मनात होता. गॅलरीतून कुत्र्यांना बिस्किटे टाकणारी आणि भांडीवालीसाठी वेगळा कप ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पण मित्रांनो, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी उचलले ते कुत्र्याच्या विरोधात नव्हे. नियम कुत्र्याने केला नव्हता. आणि ज्या मनुस्मृतीचे त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये दहन झाले, तिचा दहावा अध्याय काढून पाहा. चांडाळांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री-गाढवे हीच त्यांची संपत्ती असावी, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे गावाबाहेर आपल्याबरोबर कुत्राही काढला गेला. मग आपले भांडण त्याच्याशी कसे? राजगृहावरचा फेब्रुवारी १९३४ चा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. रमाई, यशवंतराव, घरची मंडळी आणि त्यात बाबासाहेबांचा लाडका टॉबी. आपण तो फोटो भिंतीवर लावतो, पण टॉबीकडे लक्ष देत नाही.

काळू आम्हाला मिळाला तो जुलैच्या पावसात, वस्तीच्या नाल्याजवळ. वय दीड-दोन महिने, मागचा पाय गाडीखाली आलेला, अंगभर गोचीड. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर झाले, जंताचे औषध मिळाले, पहिली लस झाली. आम्ही खूश. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, शंभर 'जय भीम' आले. आठवडाभर दूध-भाकरी चारली तर पिल्लाला हगवण लागली. गाईचे दूध बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. मग भात, उकडलेले अंडे आणि शिजवलेले कोंबडीचे मांस सुरू केले. हाडे काढून, कारण शिजलेल्या हाडाची कपची आतड्यात रुतते.

काळू काळा आहे, म्हणून शनिवारी गर्दी व्हायची. शेजारच्या कॉलनीतले एक गृहस्थ साडेसाती उतरावी म्हणून तेल लावलेली पोळी घेऊन यायचे. काळूच्या डोक्यावरून हात फिरवायचे. एकदा उन्हाचे आले म्हणून आम्ही पाण्याचा तांब्या पुढे केला, तर "आत्ताच पिऊन आलो" म्हणाले. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी आम्ही त्यांना पोळी परत न्यायला सांगितली. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे आणि लगेच पुढच्या कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन व मानवतावाद. त्या गृहस्थांना एकाचीही गरज नव्हती. त्यांना शनी हवा होता.

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवले. आता आमचे ऐका.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यायची, असे डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिले होते. ऑगस्टमध्ये शिबिर होते, मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी, मग निवडणूक. कार्ड कपाटातच राहिले. १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक आमच्या दारावरून गेली. डीजे, फटाके, आणि काळू दाराशी साखळीने बांधलेला. त्याला पळायला जागा नव्हती. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा त्याच्या पायात अडकलेला निळा झेंडा सोडवायला वाकला आणि काळूने त्याचा हात धरला. रक्त आले.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली. हळद, चुना लावायला निघालेल्यांना अडवले. रात्रीच सरकारी रुग्णालय गाठले. जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाही, हे ठाऊक असताना आम्ही काळूला दहा दिवस नजरेखाली ठेवून काढले. ते दहा दिवस झोप नव्हती. काळू धड राहिला, मुलगाही धड आहे.

मुलाची आई कंत्राटी सफाई कामगार. आम्ही माफी मागायला गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "दादा, तुमचं प्रेम झालं, माझे चार खाडे होतील." आम्ही पैसे भरून दिले. तिने घेतले, पण दोन महिने आमच्याशी बोलली नाही. बरोबरच होते तिचे. मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर टीव्हीवर भांडणारे दोन्ही बाजूचे लोक गाडीतून फिरतात. पहाटे चार वाजता झाडू घेऊन रस्त्यावर असते ती ही बाई, आणि कचऱ्याच्या ढिगावर कुत्र्यांबरोबर उभी असतात आपल्याच वस्तीतली पोरे. म्हणून लस न दिलेला कुत्रा वस्तीत ठेवणे याला आम्ही आता भूतदया म्हणत नाही.

काळूची नसबंदी झाली. रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचा परवाना, गळ्यात पट्टा, आणि मिरवणुकीच्या रात्री मागच्या खोलीत, दार लावून. ज्या तरुणांना पिल्लू आणायचे आहे त्यांनी आधी घरात विचारावे की बारा-चौदा वर्षे त्याला कोण सांभाळणार. आंदोलनात आत गेलात तर त्याला भात कोण घालणार? आणि घ्यायचेच तर रस्त्यावरचे घ्या. जन्माचे कागद पाहून किंमत ठरवणाऱ्या बाजारात आपण तरी जाऊ नये. विदर्भाच्या उन्हात हस्की आणून कूलरपुढे बसवणारे आमचे काही मित्र आहेत, त्यांना हे तोंडावर सांगितले आहे.

ते ज्येष्ठ कार्यकर्ते परवा पुन्हा आले. काळूला हात लावला नाही, पण कार्ड मागून घेतले आणि लसीची तारीख वाचली. शेजारचा मुलगा अजून लांबूनच जातो. आम्ही त्याला बोलावत नाही.