पायदानांच्या आधीची गीतमाला

१/ आज बुधवार. म्हणून आजचा धागा एका बुधवारच्या कार्यक्रमावर लिहितो आहे. विषय रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ आणि तिची अलीकडची पुनःप्रसारणे यांचा आहे. मात्र सुरुवात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून करतो, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये अशीच ती चूक होती.

२/ २०१८ची दिवाळी. वडिलांनी आजोबांसाठी ‘कारवां’ नावाचा तो जुन्या रेडिओसारखा दिसणारा गाण्यांचा डबा आणला होता. त्यात अमीन सयानींच्या आवाजातील गीतमालाही होती. फराळाच्या वेळी सगळे घर भोवती बसले होते. आवाज सुरू झाला आणि आजोबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, “सुरुवातीला पायदान वगैरे काही नव्हतं. सात गाणी लावायचे. त्यांचा क्रम आपण लावायचा आणि कार्ड टाकायचं. मीही टाकलं होतं. शंभर रुपये बक्षीस होतं.”

३/ मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. खिशातून फोन काढला, वर्षवार यादी उघडली आणि सर्वांसमोर म्हणालो, “आजोबा, तुमचा घोळ होतोय. ही बघा, यादी १९५३पासून आहे. पहिल्या क्रमांकावर ‘अनारकली’ चित्रपटातलं लताबाईंचं गाणं. क्रमांकच नव्हते, तर पहिला क्रमांक कुठून आला?” सगळे हसले. आजोबा एवढेच म्हणाले, “असेल बाबा. वय झालं माझं.” त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यासमोर पुन्हा काढला नाही. २०२२मध्ये ते गेले.

४/ आता इतिहासाकडे वळू. १९५२मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते. आकाशवाणीने लोकांची अभिरुची घडवावी, अशी त्यांची ठाम धारणा होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत, १९५२मध्ये सुरू झाला. चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत अनुकूल नव्हते, हे सर्वश्रुत आहे.

५/ ‘केसकरांनी चित्रपटगीतांवर बंदी घातली’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. प्रत्यक्षात घडले ते थोडे अधिक गुंतागुंतीचे होते. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वेळ कमी केला, गाणी निवडून-चाळून घेण्यास सुरुवात केली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून ते बंद केले. निर्मात्यांना हे मान्य नव्हते. नावच सांगणार नसाल तर गाणी वाजवू नका, असे म्हणत त्यांनी प्रसारणाची परवानगी काढून घेतली. म्हणजे शांतता पसरली ती दोन्ही बाजूंच्या हट्टामुळे. ‘बंदी’ या एका शब्दात निर्मात्यांची बाजू पूर्णपणे झाकली जाते.

६/ हे धोरण केवळ रुक्ष होते, असेही समजू नये. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीने सुगम संगीताकडे लक्ष दिले. त्याच काळात, १९५५च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक, याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते झाली. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी चहाच्या हॉटेलात रेडिओ होता. त्यावर पुण्याचे रामायण ऐकणारी माणसेच बुधवारी रात्री ८ वाजता सिलोनचा काटा शोधत बसत. ‘अभिजात’ आणि ‘सवंग’ ही भांडणे दिल्लीत चालू होती. हॉटेलातल्या बाकावर दोन्हींना जागा होती.

७/ सिलोनच का? याचे उत्तर युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने आपल्या सैनिकांसाठी कोलंबोत एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपण केंद्र उभारले. युद्धानंतर ते सिलोन सरकारच्या हाती आले आणि १९५०मध्ये रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा सुरू झाली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आदळून परत खाली येतात. त्यामुळे हजारो किलोमीटर दूरचा आवाज मिळतो. पण तो थर सतत बदलत असल्याने आवाज लाटेसारखा चढतो आणि ओसरतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला आलेली रेडिओ केंद्रे अवघी ६ होती, हे लक्षात घेतले म्हणजे या परक्या यंत्राचे बळ कळते.

८/ यंत्र परके होते, कार्यक्रम मात्र आपलाच होता. गीतमाला मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि तिच्या फिती विमानाने कोलंबोला जात. तिथून ती पुन्हा आपल्याच खेड्यापाड्यांत उतरे. खर्च टूथपेस्ट बनवणारी कंपनी करी. निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीचेही नव्हते. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे पत्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. त्या कामात हातभार लावताना मुलाची जी जीभ घडली, तीच पुढे बुधवारी रात्री घराघरांत ऐकू येऊ लागली. हिंदी नीट न कळणाऱ्या आमच्या गावातल्या माणसांनाही ती कळे.

९/ पहिला कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ रोजी झाला. आणि इथे माझा पाय घसरला होता. तो कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. त्यात सात गाणी कोणत्याही क्रमाशिवाय लावली जात. श्रोत्यांनी लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठवायचा. ज्याचा क्रम जुळेल त्याला १०० रुपयांचे बक्षीस. सयानींनी पुढे मुलाखतींत सांगितले की पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याची पत्रे ६५ हजारांवर गेली. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर स्पर्धा बंद करावी लागली. शेवटच्या गाण्यापासून पहिल्यापर्यंत चढत जाणारी पायदाने आली ती १९५४च्या अखेरीस.

१०/ म्हणजे आजोबा बरोबर होते. शब्दशः बरोबर : सात गाणी, क्रम श्रोत्याने लावायचा, शंभर रुपये. आणि यादी? १९५३चे ‘पहिले गाणे’ आपण यादीत वाचतो, तेव्हा ते आठवड्याच्या पायदानांवरून काढलेले असूच शकत नाही, कारण तेव्हा पायदानेच नव्हती. तो क्रमांक वेगळ्या मापाने आलेला आहे. यादी मात्र १९५३ आणि १९६३ एकाच रकान्यात, एकाच अक्षरात छापते. रकाना सरळ दिसला की आपण मापही एकच धरतो. मी तेच केले होते.

११/ पायदाने आल्यावरही माप स्थिर नव्हते. प्रथम निवडक दुकानांतून तबकड्यांची विक्री मोजली जाई. त्यात एक अडचण होती. एखादी तबकडी इतकी खपे की दुकानातला साठाच संपे, आणि जे गाणे सर्वांना हवे तेच विक्रीच्या आकड्यांतून गळे. म्हणून देशभरातील श्रोतासंघांची मतेही जमेस धरली जाऊ लागली. झुमरी तलैया हे नाव आपल्याला ठाऊक झाले ते फर्माइशी पाठवणाऱ्या अशाच उत्साही श्रोत्यांमुळे. त्यामुळे गीतमालेतील ‘लोकप्रियता’ म्हणजे दुकानदार, संघांचे सभासद आणि निवेदकाचे कार्यालय यांनी मिळून केलेला एक हिशोब होता. तो खोटा नव्हता. पण कोणी मोजले, कसे मोजले, हे विचारल्याशिवाय वापरावा असाही नव्हता.

१२/ आता पुनःप्रसारणांविषयी. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले आणि त्या आठवड्यात गीतमालेची जुनी मुद्रणे सर्वत्र फिरू लागली. रसिकांमध्ये जुने वादही पुन्हा पेटले : अमुक वर्षी पहिले कोण, तमुक गाणे ‘सरताज’ झाले की नाही. बहुतेक जण पुरावा म्हणून ‘गीतमाला की छाँव में’ या मालिकेतील ध्वनिफीत पुढे करीत होते. आवाज सयानींचाच आहे, मग आणखी पुरावा कशाला?

१३/ इथे मला आजोबांचे दुसरे वाक्य आठवले. त्या दिवाळीत, माझ्या यादीच्या आधी, ते सहज म्हणाले होते, “आवाज तोच आहे. पण हा तो कार्यक्रम नाही. तेव्हा तो सांगत होता, आता तो आठवतोय.” ही मालिका सयानींनी पुष्कळ वर्षांनी, मागे वळून पाहत, नव्याने निवेदन करून सिद्ध केली. त्यात जुन्या आठवणी आहेत, जुन्या कार्यक्रमांचे तुकडे आहेत. पण ती १९५५चा बुधवार नव्हे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे समकालीन साधन नाही, हे आत्मकथन आहे. आत्मकथन मोलाचे असतेच. ते वाचण्याची रीत मात्र निराळी असते. पद्धतीच्या तासाला दोन सत्रांत जे मी शिकलो, ते माझ्या आजोबांनी चकली खाता खाता एका वाक्यात सांगितले होते.

१४/ सयानी गेले त्या आठवड्याच्या शेवटी मी गावी गेलो आणि आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तीत रेडिओ परवान्याचे पोस्टाचे पुस्तक होते, कारण तेव्हा रेडिओ ठेवायला परवाना लागे. आणि दोन शाळकरी वह्या होत्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर १९५६ साल लिहिलेले. पुढे बुधवारच्या तारखा, त्यांच्याखाली क्रमांक आणि चित्रपटांची नावे. काही तारखांपुढे फक्त दोन शब्द : ‘आवाज नाही.’ त्या रात्री लाट ओसरली असणार. आठवणीने जागा भरून काढायचा मोह त्यांना झाला नव्हता. जे ऐकले नाही, ते लिहिले नाही.

१५/ १९५३चे काहीही पेटीत नव्हते. मी उगाचच ते कार्ड शोधत राहिलो. मग लक्षात आले, पाठवलेले पोस्टकार्ड पाठवणाऱ्याच्या घरी कसे सापडेल? ते मुंबईला गेले, हजारो कार्डांच्या ढिगात पडले आणि संपले. चौदा वर्षांच्या मुलाने सात गाण्यांचा क्रम लावून टाकलेल्या त्या कार्डाचा एकमेव पुरावा म्हणजे त्याची आठवण. तो पुरावा माझ्यासमोर बसला होता, बोलायला तयार होता, आणि मी त्याला फोनमधली यादी दाखवून गप्प केले. त्या सात गाण्यांत कोणते गाणे त्यांनी पहिले लावले होते, हे आता मला कधीच कळणार नाही.

१६/ पुढची हकीकत थोडक्यात. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर मानाने परतली. १९६७मध्ये मुंबई, पुणे, नागपूर येथून तिची व्यापारी सेवाही सुरू झाली. सिलोनच्या यशातून दिल्लीने घेतलेला हा धडा म्हणता येईल. तरी गीतमाला सिलोनवरून १९८८पर्यंत चालली आणि मग विविध भारतीवर आली. ज्या आकाशवाणीने चित्रपटाचे नाव उच्चारणे नाकारले होते, तिच्याच लहरींवर तिचा उत्तरकाळ गेला.

१७/ माझ्या फोनमध्ये ती वर्षवार यादी अजून आहे. ती मी पुसलेली नाही, उपयोगाची आहे. फक्त १९५३ आणि १९५४ या दोन ओळींपुढे मी स्वतःपुरती एक टीप जोडली आहे : ‘पायदानांपूर्वी. आजोबांचे म्हणणे पाहावे.’

१८/ तुमच्या घरी कोणी गीतमाला ऐकलेली व्यक्ती असेल, तर पहिला क्रमांक कोणाचा होता हे विचारू नका. ते याद्यांत मिळेल. रेडिओ कोणाच्या घरी होता, आवाज गेल्यावर काय करायचे, बायका कुठे बसून ऐकत, कार्ड कोणी लिहून दिले, हे विचारा. उत्तर यादीशी जुळले नाही, तर फोन खिशातच राहू द्या आणि पुढचा प्रश्न विचारा. आजोबांच्या वह्यांतील तारखा मी सध्या उतरवून घेतो आहे. त्यांवरचा धागा पुढील बुधवारी.