लेकीची शुगर, घरादाराचा अभ्यास

लेक दुसरीत असताना तिला टाइप वन मधुमेह असल्याचं कळलं. शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या. गोड खाण्याशी याचा संबंध नाही आणि इन्सुलिन आता रोज बाहेरूनच द्यायचं, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. डिस्चार्जच्या वेळी हातात कागदांचा गठ्ठा पडला, तोही सगळा इंग्रजीत. सासूबाईंना त्यातलं अक्षरही कळणार नव्हतं आणि दिवसभर लेक तर त्यांच्याजवळच असणार होती.

खरं शिकवलं ते वॉर्डातल्या सिस्टरांनी. त्यांनी दोन सिरिंज शेजारी ठेवल्या, एक लाल टोपणाची, एक नारिंगी. आमच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असतं, म्हणून लाल टोपणाचीच सिरिंज. नारिंगी असते १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. त्या सिरिंजमध्ये आमचं औषध १० च्या रेषेपर्यंत भरलं, तर पोटात जातं फक्त ४ युनिट. औषधाच्या दुकानात दोन्ही मिळतात. तेव्हापासून आमच्याकडे सिरिंज आणायला कुणीही जावो, बरोबर रिकामं लाल टोपण न्यायचं.

सासूबाईंसाठी मी मोठ्या अक्षरांत मराठी कागद लिहिला आणि डॉक्टरांकडून तपासून घेऊन फ्रिजच्या दारावर लावला. हात थरथरले, घाम आला, उगाच चिडचिड झाली की आधी बोट टोचून शुगर बघायची. ७० च्या खाली असेल तर तिच्या वजनाला सांगितलेली दोन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. पेढा किंवा चॉकलेट त्या वेळी कामाचं नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठायचा.

खालची एक ओळ मी लाल पेनानं लिहिली: आजारपणात इन्सुलिन बंद करायचं नाही. ताप-उलट्यांत पोरगी जेवत नाही, मग इंजेक्शन कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आजारात शरीराला इन्सुलिन बऱ्याचदा जास्तच लागतं. ते मिळालं नाही की रक्तात कीटोन साचतात, श्वास खोल आणि जोराचा होतो, तोंडाला फळासारखा वास येतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून शुगर आणि कीटोन तपासून, डोस किती द्यायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

"अगं, कारल्याचा रस देऊन बघ," असं शेजारच्या काकू मायेनंच म्हणाल्या. मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई बोलल्या, "तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, वहिनी. रसानं ते कुठून येणार?"

त्याच कागदाची एक प्रत वर्गशिक्षिकेकडे, एक खेळाच्या सरांकडे दिली. पळापळीनंतर शुगर घसरते, कधीकधी रात्रीसुद्धा, म्हणून सरांना ठाऊक असणं फार गरजेचं. वर्गात डबा उघडायला बाईंनी सुरुवातीला का-कू केली. सीबीएसईनं २०१७ साली अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेतही साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायची मुभा दिली आहे, हे मी मुख्याध्यापकांना दाखवलं. आमची शाळा त्या बोर्डाची नव्हती, तरी त्यांनी लगेच मान्य केलं.

जूनमध्ये वर्ग बदलतो, बाई बदलतात. तेव्हा मी कागद नव्यानं लिहिते, कारण लेकीच्या वजनाप्रमाणे डोस आणि साखरेचं मापही बदललेलं असतं.