तेझेच्या टेकडीवरची आठ मिनिटं

फ्रान्समधल्या माकोंहून तेझेला जाणारी बस वाटेत क्लूनीला थांबते. मी मुद्दाम तिथे उतरले. 910 साली इथे बेनेडिक्टाइन मठ सुरू झाला आणि इथल्या संन्याशांचा दिवस उपासनेतच सरू लागला. त्यांचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. रोममध्ये आजचं सेंट पीटर्स उभं राहिलं तेव्हा कुठे त्याचा तो मान गेला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं, पाडलं गेलं, दगड बांधकामांना गेले. उरलेल्या तुकड्याखाली उभं राहून वर पाहिलं तरी मान दुखते.

तिथून दहाएक किलोमीटरवर तेझे. द्राक्षमळ्यांच्या मुलखातलं एवढंसं गाव. प्रवेशापाशी लाकडी चौकटीत उघड्यावर टांगलेल्या घंटा. मी पोचले तेव्हा त्या घुमत होत्या आणि स्वयंपाकाच्या बाजूने, तंबूंतून, रस्त्यावरून माणसं एकाच दिशेने निघाली होती. हातातलं काम तसंच टाकून. हे दिवसातून तीनदा होतं.

ऑगस्ट 1940 मध्ये रोझे शूट्स नावाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण सायकलवरून इथे आला होता. प्रार्थनेचं जीवन आणि अडलेल्यांना आसरा, दोन्ही जमेल असं घर तो शोधत होता. गाव जवळपास ओस पडलेलं. एक म्हातारी त्याला म्हणाली, इथेच राहा, आम्ही फार एकटे आहोत. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सची सीमारेषा तिथून जवळच होती, त्यामुळे पळून आलेल्यांना, त्यांतल्या ज्यूंनाही, हे घर सापडू लागलं. बहीण झेनेव्हिएव्ह मदतीला आली. या काळातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. घरात ज्यू होते, देव न मानणारेही होते. आपल्या प्रार्थनेचं ओझं त्यांच्यावर पडू नये म्हणून रोझे एकटाच प्रार्थना करी, आणि स्तोत्रं गायची तर लांब रानात जाऊन गाई.

1942 मध्ये चुगली झाली, घर सोडावं लागलं. 1944 मध्ये तो सोबत्यांसह परतला, आणि आता या बंधूंनी दार उघडलं ते जवळच्या छावणीतल्या जर्मन युद्धकैद्यांना! 1949 च्या ईस्टरला सात जणांनी आजन्म व्रत घेतलं. आज कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, सुमारे तीस देशांतले बंधू इथे एकत्र राहतात. देणग्या घेत नाहीत. मातीची भांडी घडवून, पुस्तकं छापून पोट भरतात. 1962 मधलं त्यांचं समेटाचं चर्च जर्मन तरुणांनी येऊन बांधलं.

आत बाकं नाहीत. सगळे जमिनीवर बसतात. मला ते घरच्यासारखं वाटलं. पुढे केशरी कापडं, विटांच्या पोकळीत तेवणाऱ्या मेणबत्त्या, मधोमध पांढऱ्या झग्यातले बंधू. दोन ओळींचं गाणं, पुन्हा तेच, पुन्हा तेच. नामस्मरण ज्यांच्या कानावर आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मग अचानक सगळं थांबतं. आठेक मिनिटं.

पहिल्या मिनिटाला माझ्या डोक्यात ऑफिसचे मेल, मुलाची फी, विसरलेलं औषध. तिसऱ्याला गुडघा दुखायला लागला. कुणीतरी खोकलं. समोरच्या विटेतली ज्योत वाकली, सरळ झाली. शेजारची मुलगी डोळे मिटून, तळवे उघडे ठेवून बसली होती. हजारभर माणसं होती, पण एकाचाही फोन वाजला नाही.

वसईतल्या आमच्या घरी संध्याकाळी आई सगळ्यांना बसवून जपमाळ म्हणवून घ्यायची. आता मी ती विरार लोकलमध्ये, गर्दीत उभ्याउभ्या बोटांवर मोजत उरकते. उरकते, हाच खरा शब्द. त्या आठ मिनिटांत मला कळलं की इतकी वर्षं मी देवाशी फक्त बोलत आले, ऐकायला कधी थांबले नव्हते. वेळ नाही ही माझी तक्रार खोटी नव्हती. पण तेझेचे बंधूही रिकामे नाहीत. घंटा झाली की चाकावरची माती ठेवून उठतात, एवढंच.

16 ऑगस्ट 2005 ला, याच चर्चमध्ये, संध्याकाळच्या प्रार्थनेत एका मनोरुग्ण बाईने नव्वद वर्षांच्या ब्रदर रोझेंवर चाकूने वार केले. ते गेले. अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या वारसदाराने त्या बाईसाठी क्षमेची प्रार्थना केली. गावातल्या जुन्या, लहानशा चर्चबाहेर त्यांची कबर आहे. वर साधा लाकडी क्रूस.

जाणार असाल तर रविवार ते रविवार असा पूर्ण आठवडा काढा. दोन दिवसांत तेझे नुसतं बघून होतं. तिथली शांतता अंगवळणी पडायला चौथा दिवस उजाडावा लागतो.