दोन तबकड्यांचे वैर

आम्हां पुणेकरांना लढायांच्या बखरींची हौस फार. पण एका लढाईची वार्ता आमच्या पेठेत क्वचितच कोणाच्या कानी आली. २००६ साली सोनी आदी कंपन्यांची ब्लू-रे आणि तोशिबाची एचडी डीव्हीडी या तबकड्या एकमेकींपुढे ठाकल्या. दोहोंचा लेझर किरण निळसर जांभळाच. एका थरात पहिलीत २५ गिगाबाइट मावत, दुसरीत १५. निकाल लागला तो मात्र अधिक करून चित्रपट कंपन्यांच्या दारी. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने केवळ ब्लू-रेचा पक्ष धरला आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघार जाहीर केली. पराभूत यंत्रात ज्यांचे पैसे गुंतले होते, त्यांना कोण विचारतो?

आमच्या घरी तेव्हा व्हीसीडीच चाले. थोरल्या भगिनीच्या विवाहाच्या व्हीसीडीत आमच्या दिवंगत आईचा आवाज आहे. यंत्र मात्र कधीचेच बंद पडले. चित्रपटाची फीत जळते खरी, जानेवारी २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिती पुण्यातच जळाल्या. तरी वाचलेली फीत उजेडासमोर धरली की चित्र दिसते. तबकडी उजेडासमोर धरली, तर इंद्रधनुष्य तेवढे दिसते. येत्या शनिवारी तपकीर गल्लीत जुने यंत्र मिळते का, ते पाहावयास आम्ही जाणार आहोत.