नायलॉनच्या साडीपासून

घरात प्लास्टिक पहिल्यांदा कधी आलं, असा विषय आम्हा चुलतभावंडांत निघाला की सगळे बादलीपाशी जाऊन थांबतात. ताई मात्र म्हणते, "बादली नंतरची. आधी आईची नायलॉनची साडी." तिचं बरोबर आहे. १९७०च्या दशकात मिरजेच्या घरात आमच्या आई-काकूंनी नायलॉन नेसायला सुरुवात केली तेव्हा त्याला कुणी प्लास्टिक म्हणत नव्हतं. खळ नको, इस्त्री नको. दोरीवर टाकली की स्वयंपाक उरकेपर्यंत वाळलेली. पाठोपाठ अण्णांचा टेरिलीनचा शर्ट आला, मग सगळ्यांच्या टेरिकॉटच्या पँटी. आजीचा आक्षेप एकच होता: "ते नेसून स्टोव्हपाशी बसू नका गं." स्टोव्हचा भडका उडाला की नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, हे आमच्या गल्लीतल्या एका घरानं भोगलं होतं. प्लास्टिकचं भय आम्हाला माहीत होतं ते एवढंच.

बाकी सगळी सोयच होती, हे कबूल करायला हवं. आज तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी भरलेली पितळी कळशी कमरेवर घेऊन जिना चढून पाहावा. कल्हई उडाली की ताक कळकायचं. पत्र्याच्या बादलीचा तळ गंजायचा, तिला डाग लावून आणावा लागे. अशात बोहारीण दारात आली आणि आजीच्या जुन्या जरीच्या लुगड्यावर एक लालभडक बादली देऊन गेली. वर घासाघीस करून काकूंनी एक मगही काढून घेतला. ती बादली हलकी होती, आपटली तरी वाजत नव्हती. दोघी जावांनी ती आळीपाळीनं उचलून बघितली होती.

वस्तू टाकून देणं आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि प्लास्टिकलाही आम्ही तोच न्याय लावला. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला जात. दुकानातून आलेली पिशवी दोरीवर चिमट्यात अडकायची, मग घडी होऊन गादीखाली. काकूंनी रंगीत वायरच्या पिशव्या विणल्या, त्यांतून बाजार आला. शाळेच्या वॉटरबॅगच्या पाण्याला एक गोडसर वास असे आणि तो पाण्याचाच वास आहे अशी आमची समजूत होती. लाल बादलीचा कान तुटला तेव्हा तार आली. तळाला चीर गेली तेव्हा तापवलेल्या उलथन्यानं ती सांधली. घरभर घाण वास. शेवटी माती भरून तिच्यात कोरफड लावली आणि ती गच्चीवर गेली. काही उन्हाळ्यांनंतर कडेला हात लावला तर नखभर तुकडे हातात आले. काकूंनी केरसुणीनं ते गोळा केले आणि परसात टाकले, झाडाला खत म्हणून नव्हे, पण मातीत मिसळून जातील या भावनेनं.

ते मिसळले नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांबलचक रेणूसाखळ्या तुटतात, हवेतला प्राणवायू त्यात भर घालतो, वस्तू ठिसूळ होते आणि तुकड्यांचे आणखी तुकडे पडत राहतात. पाच मिलिमीटरहून लहान अशा या कणांकडे जगाचं लक्ष वेधलं ते इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००४ मध्ये. मायक्रोप्लास्टिक हे नाव तेव्हापासून रुळलं. म्हणजे आमची काटकसर एका अर्थानं या भुग्याच्या मुळाशीच बसलेली. नवं प्लास्टिक जितकं सुटं होतं त्याहून उन्हात तापलेलं, घासलेलं, जुनं प्लास्टिक अधिक सुटं होतं, आणि जुनं वापरण्यात तर आमच्या घराचा हात कुणी धरला नसता.

साडीचं तर आणखी पुढचं. मोरीतल्या दगडावर नायलॉन आणि टेरिकॉट ब्रशनं घासलं जाई आणि साबणाचं पाणी गटारातून नदीकडे. सुती धोतर विरलं तर त्याची माती होते. टेरिकॉट विरलं तरी त्याचे धागे धागेच राहतात. प्लिमथमध्येच २०१६ साली मोजलं तेव्हा यंत्रातल्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू निघू शकतात असं आढळलं. थेट सूक्ष्म रूपातच समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये कपड्यांच्या धुण्याचा वाटा सुमारे ३५ टक्के आणि गाड्यांच्या टायरांचा २८ टक्के, असा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेचा २०१७चा अंदाज आहे. पिशवीनं इतकी बोलणी खाल्ली, बंदी आली, दंड झाले. शर्टाला कुणी काही बोललं नाही.

बाळांच्या बाबतीत आम्ही फार जपून होतो. आजीच्या काळी चांदीचं बोंडलं, आमच्या वेळी काचेची बाटली, आमच्या मुलांना न फुटणारी प्लास्टिकची. ती आम्ही दिवसातून किती वेळा उकळत असू! डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या: गरम पाण्यानं दूध बनवलं की लिटरमागे १.६ कोटींपर्यंत कण, आणि पाणी जितकं कढत तितके जास्त. ताईनं हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या आया गप्प झाल्या. मुलं आता चाळिशीकडे झुकलीत, ठणठणीत आहेत, असं धाकटीनं ऐकवलं. तेही खरं.

कारण शरीरात कण सापडणं आणि त्यानं आजार होणं या दोन गोष्टी आहेत. इटलीत सहा बाळंतिणींच्या वारांची तपासणी झाली, चारमध्ये कण मिळाले. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ जणांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळलं. खरा धक्का २०२४चा: इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतून शस्त्रक्रियेनं काढलेली चरबीची पुटं बघितली, तर २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या पुटांत पॉलिथिन होतं. पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत या लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही, हे त्या डॉक्टरांनीच लिहिलंय. तरी अण्णांची बायपास झालेली असल्यामुळे आमच्या घरात तो आकडा पाठ आहे.

मीठही सुटलं नाही. आयआयटी मुंबईच्या २०१८च्या अभ्यासात तपासलेल्या भारतीय समुद्री मिठांत कण निघाले. आमची कृष्णा नदी जाते बंगालच्या उपसागराला आणि आपलं बहुतेक मीठ येतं गुजरातेतून, म्हणजे आमच्या मोरीतलं टेरिकॉट आमच्याच आमटीत आलं असं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आलं. त्याच अभ्यासात समुद्राचं पाणी साध्या वाळूतून गाळलं तर वजनानं ८५ टक्क्यांहून जास्त प्लास्टिक अडतं असंही दिसलं.

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी भाचेसुनेनं प्लास्टिक नको म्हणून कागदी कप आणले. त्यांना आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो आणि शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे २५ हजार कण उतरतात, हे आयआयटी खरगपूरनं २०२१ मध्ये दाखवलंय. कप परत गेले, माळ्यावरचे स्टीलचे पेले निघाले. गरम काही प्लास्टिकमध्ये ओतायचं नाही, एवढं घरात ठरलं. बादलीवर मात्र अडलं. "पितळेची कळशी काढा म्हणता, मग भरून आणणार कोण?" काकूंनी विचारलं. "आणि ते मिठाचं पाणी वाळूतून गाळायचं ते मी घरी गाळू, की मिठागरवाल्यांना कुणी सांगणार आहे?"