‘बूट घालतोस का?’

न ऐकणाऱ्या मुलासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. हट्टी, द्वाड, व्रात्य, आगाऊ, आडमुठा, शेफारलेला! प्रत्येक घराण्यात असा एखादा काका किंवा मामा होऊन गेलेला असतो आणि त्याचे किस्से आपण हसत हसत सांगतो. त्यामुळे आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या कागदावर ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ असं लिहून आलं, तेव्हा सांगलीहून सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे हट्टीच ना?”

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत निदानासाठी डीएसएम नावाचं जे पुस्तक वापरतात, त्यात या विकाराची आठ लक्षणं दिली आहेत. पटकन भडकणं, जरा काही झालं की चिडणं, मनात राग धुमसत ठेवणं, मोठ्यांशी वाद घालणं, सांगितलेलं उघडपणे धुडकावणं, मुद्दाम डिवचणं, आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं आणि डूख धरणं. यातली किमान चार, निदान सहा महिने आणि फक्त भावंडांपुरती नव्हे, तर इतरांबरोबरही दिसावी लागतात. शिवाय ती त्या वयाच्या मानाने फार जास्त आणि घरच्यांचं, शाळेचं जगणं अवघड करणारी असावी लागतात. हट्ट कोणतं मूल करत नाही? पण आमच्याकडे रोज सकाळी बुटांवरून पाऊण तास युद्ध चाले. दोन पाळणाघरांनी “दुसरीकडे बघा” असं गोड शब्दांत सांगितलं होतं. वाढदिवसांची आमंत्रणं थांबली होती. मंडळाच्या गणपतीला तर आरतीच्या आधीच मी त्याला घेऊन पार्किंग लॉटमध्ये जाऊन बसत असे.

या विकारासाठी म्हणून एफडीएने मान्यता दिलेलं औषध नाही. मुख्य उपचार बोलण्या-वागण्याचा आणि लहान मुलांच्या बाबतीत तो आधी आईवडिलांना शिकावा लागतो. आम्हाला जी थेरपी सुचवली तिचं नाव ‘पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी’. शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती १९७०च्या दशकात ऑरेगनमध्ये विकसित केली, साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी. एका खोलीत मी, मुलगा आणि लेगोचा डबा. भिंतीवर आरसा. आरशाच्या पलीकडून थेरपिस्ट आम्हाला बघतेय आणि माझ्या कानातल्या छोट्या स्पीकरमधून हळू आवाजात मला सांगतेय.

पहिल्या टप्प्यात पाच मिनिटं खेळाचा म्होरक्या मुलगा. तो काय करतोय त्याचं आपण वर्णन करायचं, तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं, आणि कौतुक करायचं ते नेमकं कशाचं हे सांगून. प्रश्न, हुकूम आणि टीका, तिन्ही वर्ज्य. पाच मिनिटांत दहा वर्णनं, दहा पुनरुच्चार, दहा नेमकी कौतुकं, आणि वर्ज्य गोष्टी सगळ्या मिळून तीनच्या वर नकोत. एवढं जमलं की पुढचा टप्पा. शिवाय घरी रोज पाच मिनिटं हाच सराव.

आता हे मराठीत करून बघा! आपला हुकूम बहुतेक वेळा प्रश्नाचे कपडे घालून येतो. “बूट घालतोस का?” “दूध पिणार ना?” “झोपायचं का आता?” त्यात माया आहे, आर्जव आहे. पण आमच्या लेकाला तो प्रश्नच ऐकू येई आणि तो प्रामाणिकपणे उत्तर देई, “नाही.” थेरपिस्टला मराठी येत नव्हतं. मी तिला आमच्या रोजच्या वाक्यांची यादी अर्थासकट करून दिली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिला ‘का’ आणि ‘ना’ ओळखता येऊ लागले. वाक्याच्या शेवटी ‘का’ आला की कानात लगेच हळूच, “क्वेश्चन!”

कौतुकाचंही तसंच. “शाब्बास”, “शहाणं माझं बाळ ते” हे आपण म्हणतो, पण कशाबद्दल ते मुलाला कळत नाही. “डबा हळू ठेवलास, शाब्बास.” “लाल ठोकळा मला दिलास, मला आवडलं.” ही वाक्यं सुरुवातीला जिभेवर परकी वाटत. जणू एखाद्या इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर वाचतेय.

तेवढ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. “तोंडावर स्तुती केली की पोरं डोक्यावर बसतात, आणि दृष्ट लागते ती वेगळीच,” हे त्यांचं मत. आरशाच्या त्या खोलीबद्दल तर त्या “नाटक” एवढंच म्हणाल्या. मग नरकचतुर्दशीला त्या नातवाला तेल लावायला बसल्या. “आता हा हात चोळला. आता ही बोटं, एक, दोन, तीन. आता पाठ. अगं बाई, पाठ किती सरळ ठेवलीय!” दाराशी उभी राहून मी मनातल्या मनात मोजत होते. वर्णनं दहाच्या वर गेली होती. प्रश्न एकही नव्हता. आणि ज्याला दात घासायला दोन माणसं लागायची, तो पोरगा पाटावर गप्प बसून होता. मला माझी मराठी वाक्यं मिळाली ती तिथे.

हे का चालतं, याचं एक स्पष्टीकरण ऑरेगनमध्येच जेराल्ड पॅटरसन यांनी मांडलं होतं. मूल ओरडतं, आपण थकून माघार घेतो; मूल शिकतं की ओरडलं की सुटका होते. पुढच्या वेळी आपण त्याहून मोठ्याने ओरडतो, मूल ऐकतं. आपणही तेच शिकतो. दोघंही एकमेकांना आवाज चढवायला शिकवत राहतात. थेरपी हा फास सैल करते. आधी नातं गोड करायचं, मगच शिस्त.

दुसऱ्या टप्प्यात ती शिस्त आली. एका वेळी एकच, स्पष्ट सूचना, शांत आवाजात: “बूट घाल.” ‘का’ नाही, ‘ना’ नाही. मनात पाच अंक मोजायचे. ऐकलं तर लगेच नेमकं कौतुक. नाही ऐकलं तर एकदाच इशारा, मग तीन मिनिटं खुर्ची, आणि त्यानंतर पुन्हा तीच सूचना. मारणं नाही, टोमणे नाहीत, “बाबांना येऊ दे” नाही. पहिल्यांदा खुर्चीवर बसला तेव्हा तो इतका रडला की मला उठून जावंसं वाटलं. कानातला आवाज म्हणाला, “यू आर डुइंग फाइन.” त्या दिवशी तो आवाज नसता तर मी टिकले नसते.

मुलं मोठी झाली की खुर्ची उपयोगाची नसते. तिथे रॉस ग्रीन यांची पद्धत सांगतात: मुलाची इच्छा कमी नसते, कौशल्य कमी असतं, म्हणून भांडण पेटण्याआधी, शांत वेळी त्याच्याबरोबर बसून तोडगा काढायचा. आम्ही आता हळूहळू तिकडे वळतोय.

जादू झालेली नाही. दमलेला किंवा भुकेला असला की तो अजूनही भडकतो. पण बूट आता दोन मिनिटांत होतात, आणि यंदा गणपतीची आरती आम्ही शेवटपर्यंत ऐकली. पुढच्या कार्यक्रमात एखादं मूल टेबलाखाली किंचाळत असेल आणि आई शेजारी जमिनीवर बसलेली असेल, तर तिला सल्ला देऊ नका. तिच्या ताटात चार घास वाढून ठेवा. ती कदाचित मनात पाच अंक मोजत असेल.

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. हा लेख लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली. नाव घालायचं नाही, ही त्याची अट. दुसरी अट अशी की लेगोचा किल्ला त्याने एकट्याने बांधला होता, आईने फक्त वर्णन केलं, हे नीट लिहायचं. लिहिलं.