निळा खडा

लग्न होऊन सुरतेला आले, तेव्हा पेटीत साड्यांच्या घडीत एक निळा खडा होता. माझे वडील पुण्याजवळ वाघोलीला दगडखाणीवर हिशेब लिहायचे. खडीसाठी काळा पाषाण फोडताना आतल्या पोकळीत, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेला हा गर्द निळा गुच्छ निघाला. कामगाराने तो वडिलांना दिला, वडिलांनी मला.

हिऱ्यांच्या घरात त्याचं कौतुक कोण करणार! ह्यांनी भिंगातून पाहिला नि म्हणाले, "घंटीवर धरला तर भुगा होईल." खरंच आहे. कठीणपणाच्या मापावर हिरा १०, हा जेमतेम ३ ते ४.

त्याचं नाव पुष्कळ वर्षांनी मुलाने शोधून दिलं : कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन यांवरून पडलेलं. १९६७ साली तो अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये पहिल्यांदा सापडला, पण सगळ्यांत देखणे नमुने आपल्या वाघोलीचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत गरम पाणी झिरपलं आणि त्यातून हे स्फटिक सावकाश धरले.

"आई, परदेशातले संग्राहक चांगले पैसे देतात. विकू या?"

"हात लावू नकोस त्याला!" मी ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला.

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. पृथ्वीकाय जीवांची क्षमा मागताना अडखळले. माहेरचं अन्न खडीवर, सासरचं हिऱ्यावर. दोन्ही जमिनीचं पोट फोडूनच काढलेलं. इतकी वर्षं क्षमा मागितली ती नुसती तोंडाने. आणि महिला मंडळात अपरिग्रहावर बोलणारी मी, एका खड्यासाठी पोटच्या पोरावर ओरडले होते.

खडा विकला नाही. नातीच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायला दिला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं : कॅव्हनसाइट, वाघोली. खाली वडिलांचं नाव लिहायला हात शिवशिवला. तेवढं मात्र आवरलं.

घरी येऊन ती साडी उलगडली. घडीत खड्याचा वळ अजून होता. इस्त्री फिरवायला मन झालं नाही.